आजोबांनी आणलेलं निशाण

दादा,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. लोक अजून येतात. ओसरीवर टेकतात, पाणी पितात आणि तुझ्याविषयी बोलतात. "झेंड्यासाठी जीव दिला माणसानं," म्हणतात. मी मान हलवतो. कोणता झेंडा, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, नागपूरला ज्याच्यापायी पोरांना पकडून नेलं तोच, चरख्याचा. काल एकानं तर तू सूत किती छान काढायचास हे मलाच सांगितलं. तू आयुष्यात चरख्याला हात लावला नव्हतास. तू असतास तर त्याला हसून हसून बेजार केलं असतंस. मी मात्र त्याला पानसुपारी दिली.

दोन गोष्टी मला तुला सांगायच्या होत्या. तुरुंगातून आल्यावर तू अकरा दिवस घरात पडून होतास. अकराही दिवस मी तुझ्या उशाशी येऊन बसत होतो. आणि मी त्या सांगितल्या नाहीत. आता लिहितो आहे. आता लिहिणं किती सोपं आहे, याचीच लाज वाटते.

तुला आठवतं, आजोबा निशाणाची घडी कशी उलगडायचे? आधी हात धुवायचे, मग धोतराला पुसायचे, मग आपल्या दोघांना म्हणायचे, "मागं सरका रे, श्वास लागतो त्याला." भगवं कापड, उन्हानं विटून विटेच्या रंगाचं झालेलं. त्यावर समोरासमोर फणा काढलेले दोन नाग, मधे कलाबतूच्या तारेनं भरलेला सूर्य. आजोबा सांगायचे की शिंद्यांचा अंमल होता तेव्हा हे निशाण किल्ल्याच्या बुरुजावर, तापीवर नजर ठेवून फडकायचं, आणि आपल्या घराण्याकडे ते चढवण्या-उतरवण्याचा मान होता. मग वरच्या लोकांत करार झाले, बुऱ्हाणपूर इंग्रजांकडे गेलं. गोऱ्या साहेबानं बुरुजावर आपलं निशाण चढवायला सांगितलं. आजोबांनी आपलं उतरवलं, पण हवाली केलं नाही. अंगरख्याखाली पोटाला गुंडाळलं आणि शनवाऱ्यातल्या आपल्या घरापर्यंत ताठ चालत आले. "श्वास घेता येत नव्हता," ते म्हणायचे. "पण घेतला नाही तर नाही."

नाग का, असं तू विचारायचास. दर वेळी विचारायचास, उत्तर पाठ असूनही. राजघराण्याचा मूळ पुरुष लहानपणी उघड्या रानात झोपला होता, तोंडावर ऊन आलं, तर नागानं फणा धरून सावली केली. आजोबा बोट नाचवत म्हणायचे, "चावायसाठी नाही हा नाग. सावलीसाठी आहे." तू मोठा झालास तरी दसऱ्याच्या मिरवणुकीत निशाणाची काठी खांद्यावर घेताना हे वाक्य स्वतःशी पुटपुटायचास. मला ऐकू यायचं.

बाबा गेले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, मी आठ. तू शाळा सोडलीस आणि बहादरपूरच्या शेतात उतरलास. कापसाच्या बोंडांनी तुझी बोटं फाटायची, रात्री तू त्यांना तेल लावत बसायचास आणि मला म्हणायचास, "मोठ्यानं वाच. मला पण ऐकू दे." मी धडे वाचायचो. अडखळलो की तू म्हणायचास, "पुन्हा. स्पष्ट." मला कचेरीत कारकुनी मिळाली ती माझ्या अक्षरामुळे आणि स्पष्ट वाचण्यामुळे. साहेबानं तसं म्हटलंही होतं. त्या दिवशी तू शेतातून तसाच मातीच्या पायांनी आलास, कचेरीच्या फाटकापाशी उभा राहिलास आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलास, "तो बसला आहे ना आत, तो माझा भाऊ आहे." मला तेव्हा संकोच वाटला होता. दादा, हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

मग आपली भांडणं सुरू झाली. मी चार जुने कागद वाचले होते आणि मला वाटायचं की मला फार कळतं. मी म्हणायचो, "सावली कुणावर पडली रे? या गावावर फारुकींचं निशाण होतं, मोगलांचं होतं, पेशव्यांचं होतं, मग शिंद्यांचं. जेव्हा जेव्हा वरचं कापड बदललं, तेव्हा खालची गावं ओस पडली. विणकराला विचार. त्याला सगळे झेंडे सारखेच."

तू चिडायचा नाहीस. भाकरी मोडत विचार करायचास. एकदा म्हणालास, "राजा गेला ना? त्याची पागा गेली, त्याची फौज गेली. आपण राहिलो. मग निशाण कोणाचं झालं? सांग ना."

"कोणाचं?"

"जो काठी उचलून राहिला त्याचं."

मी हसलो. तू पण हसलास. हे भांडण अर्धंच राहिलं. मला वाटायचं, पुष्कळ वेळ आहे.

आता पहिली गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी कचेरीतलं जुनं दप्तर लावायचं काम माझ्याकडे आलं. मोडीतले कागद वाचणारे मी आणि एक जुना कारकून असे दोघंच उरलो होतो. कागदांच्या एका रुमालात किल्ला हवाली झाला त्या दिवसाची टिपणं निघाली. दारूगोळा किती, घोडे किती, दरवाज्यांच्या किल्ल्या किती. आणि त्याच यादीत, निशाणदारानं बुरुजावरचं निशाण उतरवून साहेबाच्या हातात दिल्याची एक ओळ. खाली आजोबांचं नाव आणि त्यांच्या हातची निशाणी.

मी तो कागद परत बांधला. रविवारी बैलगाडी करून खकनारला आत्याकडे गेलो. आजोबांची ती थोरली लेक, किल्ला गेला तेव्हा सात-आठ वर्षांची असणार. तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "कोण बोललं तुला?"

"कागदात आहे."

"कागदात," ती म्हणाली. मग सांगायला लागली. "बाबा त्या दिवशी रिकाम्या हातानं आले. डोक्यावर पागोटं पण नव्हतं. कोपऱ्यात बसले ते बसलेच. कोणाशी बोलले नाही, भाकर तोडली नाही. आम्हाला वाटलं, जातो हा माणूस. मग आईनं लग्नातलं लुगडं काढलं. रंगाऱ्याकडून भगवं करून आणलं अन् शिवायला बसली. खरं निशाण तिनं कधी जवळून पाहिलंच नव्हतं, खालून पाहिलेलं. नाग तिनं नागपंचमीला भिंतीवर काढतात तसे काढले. म्हणून तर त्यांचे डोळे एवढे मोठे आहेत. बाबांनी ते हातात घेतलं अन् लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी उठले, आंघोळ केली, अन् लोकांना सांगितलं, मी पोटाला बांधून आणलं."

आत्या सूप परत मांडीवर घेऊन म्हणाली, "मोठ्याला सांगू नको. त्याचा जीव त्याच्यात आहे."

मी सांगितलं नाही. तुझ्यावर माया होती म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. पण खरं सांगू? तुझ्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त माहीत आहे, हे मला आवडत होतं. दर दसऱ्याला तू काठी घेऊन पुढे चालायचास आणि मी मागून त्या मोठ्या डोळ्यांच्या नागांकडे पाहायचो.

गेल्या वर्षी उन्हाळाभर नागपूरच्या बातम्या येत होत्या. झेंडा घेऊन रस्त्यावर चालणाऱ्यांना धरून नेत होते, आणि माणसं तरीही जात होती, गाड्या भरभरून. आमच्या साहेबांनी धास्ती घेतली. आमच्याकडे हुकूम निघाला की सरकारी निशाणाखेरीज कोणतंही निशाण रस्त्यावर निघणार नाही. दसऱ्याला आठवडा राहिला होता. हुकूम हिंदीत उतरवायला माझ्याकडे आला. मी उतरवला. बोरू नवा केला होता, अक्षर छान आलं.

संध्याकाळी तुझ्याकडे आलो. तू काठीच्या पितळी कळसाला चिंच लावून घासत होतास. मी म्हटलं, "या वर्षी राहू दे, दादा. घरातच पूजा कर."

"का?"

"हुकूम आहे."

"तो चरख्यावाल्यांसाठी असेल. आपलं काय? आपण तर साठ वर्षं काढून राहिलो."

"हुकुमात कोणतंही असं लिहिलं आहे."

तू घासायचा थांबलास. "तुला कसं माहीत, काय लिहिलं आहे?"

मी शाई लागलेली बोटं मुठीत मिटली. तुला कळलं. तू पुन्हा कळस घासायला लागलास आणि म्हणालास, "आजोबांनी साहेबाच्या नाकासमोरून आणलं. मी कोपऱ्यात ठेवून पूजा करू?"

तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, दादा. आजोबांनी आणलंच नाही, हे एवढं एक वाक्य. ते बोललो असतो तर तू कदाचित घरी थांबला असतास. कदाचित मला लाथ घालून हाकललं असतंस, पण जिवंत असतास. वहिनी चुलीपाशी होती. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठून निघून आलो.

दसऱ्याच्या दुपारी नायब तहसीलदार साहेबांनी मला बरोबर घेतलं. शनवारा दरवाज्यात शिपाई उभे केले होते. लोकांना हुकूम समजला नाही अशी सबब नको, म्हणून तो मोठ्यानं वाचायचा होता. तू आलास. तुझ्यामागे पंधरा-वीस माणसं होती, पोलीस दिसल्यावर पाच राहिली, मग दोन. तू काठी खांद्यावर ठेवून उभा राहिलास. साहेब मला म्हणाले, "पढ़ो."

मी वाचला. तू माझ्याकडे पाहत होतास. तू राग केला असतास तर मला सोपं गेलं असतं. पण तू ऐकत होतास, धडा ऐकायचास तसा, मान थोडी कलती करून. मी पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत सगळं वाचलं. मधे कुठे अडखळलो नाही.

करीम शिपाई पुढे झाला. लहानपणी आपल्याबरोबर तापीत पोहायला यायचा तोच. तुला हळूच म्हणाला, "भाऊ, घर जाओ ना. क्यों हमारे हाथ से करवाते हो?"

तू म्हणालास, "तू तुझं कर, करीम. मी माझं करून राहिलो." आणि एक पाऊल पुढे टाकलंस.

पुढचं मला सरळ आठवत नाही. कापड फाटल्याचा आवाज आठवतो. काठी दोघांनी ओढली, तू सोडली नाहीस. मग एक लाठी तुझ्या बरगडीवर बसली. करीमची नव्हती, दुसऱ्या कुणाची होती. तू खाली बसलास, तरी काठीचं टोक तुझ्या मुठीत होतं. माझ्या हातात तो कागद होता आणि मी त्याची घडी घालत होतो. नीट, कडा जुळवून.

खटल्यात तुला सुटायला एक वाक्य पुरलं असतं. मॅजिस्ट्रेट साहेबानं विचारलं, नागपूरवाल्यांशी तुझा संबंध आहे का. तू म्हणालास, नाही. साहेबाला बरं वाटलं. त्यानं विचारलं, मग हे निशाण कोणाचं?

"आमचं."

"आमचं म्हणजे? शिंदे सरकारचं?"

"त्यांचं होतं. आता आमचं आहे. शनवाऱ्याचं."

पुन्हा काढणार नाही एवढं लिहून दे, घरी जा, असं साहेब म्हणाला. तू म्हणालास, "पुढच्या दसऱ्याला काढीन." लोकांना वाटलं, तू मुजोरी केलीस. मला माहीत आहे, तू फक्त खरं तेच सांगत होतास. तुला विचारलं म्हणून सांगितलंस. सहा महिने सक्तमजुरी झाली.

आता दुसरी गोष्ट. ही पहिलीपेक्षा वाईट आहे.

पौषात मालखान्यातल्या जप्त वस्तूंची विल्हेवाट लावायचा हुकूम झाला. चोरीच्या दारूची मडकी, लाठ्या, सुऱ्याबिऱ्या, आणि एका फडक्यात बांधलेलं तुझं निशाण. यादी माझ्या हातात होती. मडकी फोडली, लोखंड वेगळं काढलं आणि बाकीच्याला कचेरीच्या मागच्या अंगणात आग लावली. निशाणाचं बोचकं वर होतं. शिपाई मडकी फोडण्यात गुंतला होता. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. थंडीचे दिवस, माझ्या अंगात जाड कोट होता. आजोबांनी जे केलं नव्हतं आणि आयुष्यभर केलं म्हणून सांगितलं, ते करायची संधी मला मिळाली होती, दादा. खरीखुरी. मी बोचक्याला हातसुद्धा लावला. मग नायब साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि मी हात मागे घेतला. ते आलेही नाहीत. दुसरीकडेच गेले. मी तरीही तसाच उभा राहिलो.

आजीचं लुगडं लगेच पेटलं. जुनं कापड, वेळ लागला नाही.

तुला मुदतीच्या आधीच सोडलं, कारण तुझा खोकला थांबेना आणि बरगडीखाली गाठ धरली होती. स्टेशनवरून गाडीत घालून तुला आणलं तेव्हा गाडीवानानं विचारलं, "म्हातारबुवांना कुठं उतरवू?" तू चाळिशीचा होतास.

पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "कचेरीतून आणलंस का?"

"कागद फिरतो आहे, दादा. चार दिवस लागतील."

"फाटलं होतं. वहिनीला म्हणावं शिवून ठेव."

दुसऱ्या दिवशी विचारलंस, तिसऱ्या दिवशी विचारलंस. मी रोज नवा कागद फिरवला. सहाव्या दिवशी तुला थोडी हुशारी वाटली. तू भिंतीला टेकून बसलास, पेज प्यालास, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालास, "त्या दिवशी तू छान वाचलंस. एक पण शब्द चुकला नाही."

मी अजून त्या वाक्याभोवती फिरतो आहे. तू मला डागलंस, की शाबासकी दिलीस? कापसानं फाटलेल्या बोटांना तेल लावत माझे धडे ऐकणारा माणूस बोलला, की ज्याच्यावर हुकूम बजावला तो? तुझ्या आवाजात काहीच नव्हतं. मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी पेजेचं भांडं उचललं आणि बाहेर नेऊन विसळलं.

अकराव्या दिवशी सकाळी तू गेलास. वहिनी तुझा हात धरून बसली होती. मी कचेरीत जायला निघालो होतो.

ताटी बांधली तेव्हा चरख्याचा झेंडा घेऊन चार तरुण आले. भली पोरं होती, रडत होती. त्यांनी झेंडा तुझ्या अंगावर पसरला. कोणी अडवलं नाही, मी तर नाहीच. तेवढ्यात वहिनी पुढे आली. बाया तिला धरत होत्या, तिनं हात सोडवले. झेंडा उचलला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि त्यांतल्या एकाच्या हातात दिला. "हा चांगला आहे, भाऊ," ती म्हणाली. "पण ह्यांचा नाही. ह्यांचा दुसरा होता." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तो दुसरा आणून द्यायचं काम माझं होतं. तुला तापीवर साध्या पांढऱ्या कापडात नेलं.

काल दुपारी मी वहिनीला सांगितलं. आधी मालखान्याचं. तिनं पदर तोंडाशी धरला. मग मला वाटलं, तिचं दुःख थोडं हलकं करावं. म्हणून आत्यानं सांगितलेलं सांगितलं, की जे जळलं ते किल्ल्यावरचं नव्हतंच. आजीनं घरी शिवलेलं होतं.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"आत्या बोलली?"

"कोणी बोललं नाही. दसऱ्याच्या आधी दर वर्षी उसवलेलं मीच शिवत होते ना. लग्न होऊन आले त्याच वर्षी कळलं. काठ उसवला तर आत लुगड्याचा काठ. टाका पण बाईचा, घाईघाईनं घातलेला. दरबारच्या शिंप्याचं काम मला कळत नाही का?"

"मग तुम्ही दादाला सांगितलं नाही?"

"तुम्ही सांगितलं?"

चुलीतलं लाकूड तिनं पुढे सारलं. मग मी विचारलं, "त्याला माहीत असेल का, वहिनी?"

"एकदा ऊन द्यायला मांडीवर घेऊन बसले होते. आतल्या काठावरून बोट फिरवत होते. मी पाहत होते. म्हणाले, किती मऊ आहे हे. बस, एवढंच. मी काही बोलले नाही, ते पण काही बोलले नाही."

दादा, मी रात्रभर याचाच विचार केला. तुला माहीत असेल, तर तू राजाच्या निशाणासाठी नाही, आजीच्या लुगड्यासाठी त्या दरवाज्यात उभा राहिलास. माहीत नसेल, तर आम्ही दोघांनी तुला आंधळा ठेवून पुढे जाऊ दिलं. यातलं खरं कोणतं, हे आता मला कोणीच सांगणार नाही. पण दोन्हींत हुकूम वाचणारा मीच आहे.